हाय-प्रोटीन नारळाचं 'दही': कपात प्रोटीन किती, नारळ किती आणि नवापूरकरांनी त्यासाठी पैसे मोजावेत का?

मोबाइलवर रील्स बघताना हल्ली एक कप वारंवार समोर येतो. पांढराशुभ्र, वर नारळाचा काप आणि मोठ्या अक्षरांत तीन दावे : 'हाय प्रोटीन', 'डेअरी-फ्री', 'प्लांट-बेस्ड'. जाहिरात मुंबई-पुण्याच्या ग्राहकासाठी बनवलेली असली तरी फोन नवापुरातही तोच असतो. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा ती बघतो. दूध प्यायलं की पोट बिघडतं म्हणून चहासुद्धा कोरा घेणारी बाई ती बघते. दोघांना पडणारा प्रश्न एकच, हे घ्यावं का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, दूध खरोखरच चालत नसेल आणि खिशाला परवडत असेल तर चव म्हणून जरूर घ्यावं. प्रथिनांसाठी मात्र घेऊ नये. नवापूरसारख्या तालुक्यात तर नाहीच नाही. का, ते आकड्यांतून बघू.

नारळात प्रोटीन असतं किती?

फार नाही. ओलं खोबरं १०० ग्रॅम घेतलं तर त्यात जेमतेम सव्वातीन ग्रॅम प्रथिनं असतात आणि ३३ ग्रॅमच्या आसपास फॅट. खोबरं वाटून, पिळून काढलेल्या घट्ट दुधात प्रथिनं आणखी कमी होतात. १०० ग्रॅममध्ये साधारण २.३ ग्रॅम प्रथिनं, २४ ग्रॅम फॅट आणि सुमारे २३० कॅलरी. घरच्या साध्या दह्यात १०० ग्रॅमला तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे प्रथिनांच्या शर्यतीत नारळ साध्या दह्याच्याही मागे आहे.

आता एक छोटं गणित. समजा १०० ग्रॅमच्या कपात मिळावीत तेवढी, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं निव्वळ नारळाच्या दुधातून मिळवायची आहेत. त्यासाठी सुमारे ४७० ग्रॅम घट्ट दूध लागेल. त्यासोबत ११० ग्रॅमहून जास्त फॅट आणि हजारावर कॅलरी पोटात जातील. बैठं काम करणाऱ्या माणसाची ही अर्ध्या दिवसाची ऊर्जा झाली. असा कप कुणी बनवत नाही, बनवूही शकत नाही.

म्हणजेच कपावर 'हाय प्रोटीन' लिहिलेलं असेल, तर ते प्रोटीन नारळाचं नसतं. ते बाहेरून घातलेलं असतं. बहुतेक वेळा वाटाण्यापासून वेगळी काढलेली प्रथिनांची पावडर, कधी सोयाबीनची, कधी बदामाची. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की हे लगेच कळतं. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. पहिल्या क्रमांकावर पाणी, मग नारळाचं दूध किंवा क्रीम, मग वाटाण्याचं प्रोटीन, स्टार्च, साखर, पेक्टिन असा क्रम दिसला, तर ते पाण्यात नारळ आणि वाटाणा कालवून घट्ट केलेलं मिश्रण आहे. त्यात गैर काही नाही. पण मग नारळ चवीसाठी आणि पाकिटावरच्या चित्रासाठी आहे, हे समजून पैसे द्यावेत.

स्टार्च आणि पेक्टिन कशाला?

कारण नारळाचं दूध दुधासारखं विरजत नाही. गाई-म्हशीच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, आम्ल बनवतात. आंबटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. कवडीचं दही लागतं ते असं. नारळात केसीन नाही, लॅक्टोजही नाही. त्यामुळे जिवाणूंना खायला बऱ्याचदा साखर द्यावी लागते आणि दाटपणा आणायला टॅपिओका, मक्याचा स्टार्च किंवा पेक्टिन वापरावं लागतं. वाटाण्याचं प्रोटीन वाढवलं की तोंडात किंचित पिठूळ, कच्च्या शेंगेसारखी चव येते. ती झाकायला व्हॅनिला, आंबा, स्ट्रॉबेरी. आणि पुन्हा साखर. साधा, बिनगोडाचा हाय-प्रोटीन कप शोधायला गेल्यास पर्याय का कमी दिसतात, त्याचं एक कारण हे.

याला 'दही' म्हणता येतं का?

कायद्याने नाही. दूध, दही, पनीर, योगर्ट हे शब्द प्राण्यांच्या दुधापासून बनलेल्या पदार्थांसाठी राखीव आहेत, अशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची भूमिका आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा नावांनी विकली जाणारी वनस्पतिजन्य उत्पादनं हटवायला सांगितलं. त्यावर कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. युरोपातही २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला होता. गंमत म्हणजे 'नारळाचं दूध' या शब्दाला मुभा आहे, कारण तो पिढ्यानपिढ्या वापरात आहे. दुधाला परवानगी, दह्याला मनाई! म्हणून पाकिटावर आडवळणाची नावं दिसतात आणि 'योगर्ट' हा शब्द जाहिरातीतल्या निवेदकाच्या तोंडी जास्त ऐकू येतो.

उत्पादन पूर्णपणे प्राणिजन्य घटकांविना आहे का, हे ओळखायला २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांनुसार वेगळं चिन्ह ठरलं आहे. हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान. नेहमीचा शाकाहारी हिरवा ठिपका त्यासाठी पुरेसा नाही. दूध घातलेल्या पदार्थावरही तो असतोच.

'हाय प्रोटीन' लिहायला किती प्रोटीन लागतं?

दावे आणि जाहिरातींसाठीचे एफएसएसएआयचे नियम २०१८ चे आहेत. घन पदार्थाला 'हाय' किंवा 'रिच' म्हणायचं, तर १०० ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या किमान २० टक्के प्रथिनं हवीत. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाची रोजची गरज ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीची सुमारे ४६ ग्रॅम आहे. ५४ चे २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. १०० ग्रॅमच्या कपात ४-५ ग्रॅम प्रोटीन असेल तर हा दावा या कसोटीवर टिकत नाही.

नियमात दुसरीही वाट आहे. दर १०० कॅलरीमागे गरजेच्या १० टक्के, म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम प्रथिनं असली तरी 'हाय' म्हणता येतं. कमी कॅलरीच्या पदार्थाला ही वाट सोपी. साय काढलेल्या दुधाचं साधं दही या कसोटीवर सहज उतरतं, फक्त त्याची कुणी जाहिरात करत नाही. नारळाच्या कपाला मात्र ही वाट अवघड जाते, कारण नारळाचं फॅट कॅलरी वाढवत राहतं.

पाकिटावरचा मोठा आकडा कशाचा आहे, हेही बघायला हवं. १०० ग्रॅमचा, एका कपाचा की अख्ख्या डब्याचा? ४०० ग्रॅमच्या डब्यावर '२० ग्रॅम प्रोटीन' असं छापलं तर ते १०० ग्रॅमला पाचच पडतं. आकडा खरा, समज खोटा.

आणखी एक बाब लेबलवर सहसा दिसत नाही. प्रथिनांचं प्रमाण काढताना प्रयोगशाळेत मुळात नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणलं जातं. त्यातून किती प्रथिनं आहेत ते कळतं, कशी आहेत ते कळत नाही. दूध आणि अंड्यात शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं योग्य प्रमाणात असतात. सोयाबीन त्यांच्या जवळ जातं. वाटाणा थोडा मागे राहतो, कारण सगळ्या कडधान्यांप्रमाणे त्यातही मेथिओनीन कमी असतं. धान्यात ते असतं आणि कडधान्यातलं लायसीन धान्यात कमी असतं. वरण-भात आणि डाळ-भाकरी ही जोडी म्हणूनच जमते. चमच्याने नुसता कप खाल्ला तर ही जोडी जुळत नाही.

दुधाऐवजी चालेल का?

इथे सावध राहायला हवं. दह्यातून प्रथिनांशिवाय दोन मोठ्या गोष्टी मिळतात, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व. १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. नारळाच्या दुधात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकं. बी-१२ तर नारळात नसतंच. कंपनीने ते वेगळं मिसळलं असेल तर लेबलवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल, तर नाही असंच समजावं.

दुसरीकडे, नारळातलं बहुतेक फॅट संपृक्त असतं. लेबलसाठी दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम संपृक्त फॅट अशी धरतात आणि घट्ट नारळाच्या १०० ग्रॅम दुधात ते २१ ग्रॅम असतं. बाजारातल्या कपात दूध पातळ केलेलं असल्याने आकडा बराच खाली येतो, पण ब्रँडनुसार फरक मोठा पडतो. ज्यांना हृदयविकाराचा त्रास आहे किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी 'प्लांट-बेस्ड' म्हणजे हलकं असं गृहीत धरू नये.

तान्ह्या बाळांचा विषय पूर्णपणे वेगळा. बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर त्याला काय द्यायचं हेही डॉक्टरांनीच ठरवायचं. नारळाचा कप हा बाळाच्या दुधाला पर्याय नाही.

दूध पचत नाही, म्हणजे नेमकं काय?

जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये लहानपणानंतर लॅक्टोज पचवणारं विकर कमी होतं. हा आजार नाही. ज्या समाजांत पिढ्यानपिढ्या दूध पिण्याची सवय होती, त्यांच्यात मोठेपणीही हे विकर टिकून राहण्याचं प्रमाण जास्त आढळतं. सातपुड्याच्या आणि नवापूरच्या पट्ट्यातल्या अनेक आदिवासी घरांत गाय शेतीच्या बैलासाठी पाळली जायची, दूध वासराचं. 'आमच्याकडे दुधाची सवय नाही' हे वाक्य इथे मागासलेपणाचं लक्षण समजायचं कारण नाही.

पण लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत दुधाचा थेंबही घातक ठरू शकतो. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना मात्र थोडं दही किंवा ताक चालून जातं. विरजताना लॅक्टोजचा काही भाग जिवाणू संपवतात आणि उरलेला पचवायला पोटातही मदत करतात. म्हणजे कोरा चहा घेणाऱ्या त्या बाईने महागड्या कपाआधी अर्धी वाटी ताक जेवणासोबत घेऊन बघायला हरकत नाही. दूध ठरवून सोडलेले व्हीगन आणि ॲलर्जी असलेले मोठे लोक, यांच्यासाठी नारळाचा कप हा खरा पर्याय आहे. तो बाजारात असावा, चांगला असावा, खरं लेबल लावून असावा. त्याबद्दल वाद नाही.

मग नवापूरचं प्रोटीन कोणतं?

ज्या तालुक्यात ही जाहिरात बघितली जाते, तिथे प्रथिनांची कमतरता उगवण्यात नाही. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुरत-धुळे महामार्गावरून जाणारे प्रवासी इथून डाळ बांधून नेतात. तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. नवापूरची दुसरी ओळख पोल्ट्रीची. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्याच कोंबड्यांमध्ये सापडला आणि नवापूरचं नाव एकदम देशभर पोहोचलं. २०२१ मध्ये पुन्हा साथ आली. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि दोन्ही वेळा धंदा पुन्हा उभा राहिला. एका अंड्यात सव्वासहा-साडेसहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं असतात. रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग गुजरातेत असलेल्या या गावाला दुधासाठी पलीकडे सुरतची सुमूल डेअरीही फार लांब नाही. नारळ तेवढा इथला नाही. तो कोकणातून किंवा दक्षिणेतून येतो आणि खानदेशात मुख्यतः सुक्या खोबऱ्याची वाटी होऊन काळ्या मसाल्यात जातो.

भाव रोज बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवावी. किंमत भागिले प्रथिनांचे ग्रॅम. समजा तूरडाळ किलोला १५० रुपये धरली, तर एक ग्रॅम प्रथिन ७० पैशांच्या आत पडतं. शेंगदाणे त्याच भावाने धरले तर साठ-पासष्ट पैसे. अंडं सात रुपयांना धरलं तर एक रुपया दहा पैसे. दूध ६० रुपये लिटर धरलं तर दोन रुपयांच्या थोडं आत. आणि १० ग्रॅम प्रथिनं असलेला कप शंभर रुपयांना धरला तर दहा रुपये. हे भाव समजण्यापुरते घेतलेले आहेत. जवळच्या दुकानातले भाव घालून हिशेब पुन्हा करता येईल, क्रम फारसा बदलणार नाही.

भरतीच्या मुलाचंही गणित करून बघू. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (२० ग्रॅम प्रथिनं), ६० ग्रॅम तूरडाळ (१३), दोन अंडी (१३) आणि मूठभर शेंगदाणे (७). झाले ५३ ग्रॅम, म्हणजे बैठ्या माणसाची गरज जवळपास भागली. रोज धावणाऱ्याला आणि गोळाफेकीचा सराव करणाऱ्याला मात्र जास्त लागतं. खेळाडूंसाठी वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम अशी शिफारस असते. ६५ किलोच्या मुलाला किमान ७८ ग्रॅम. उरलेले २५ ग्रॅम कुठून आणायचे? अडीच कप, वरच्या हिशेबाने रोजचे अडीचशे रुपये. किंवा आणखी चार अंडी, तीस रुपयांच्या आत. अंडी खात नसेल तर फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या आणि वरणाची वाटी घट्ट.

वरण घट्ट, हे महत्त्वाचं. डाळ महाग झाली की पातेल्यात पाणी वाढतं आणि वरणाच्या वाटीतली प्रथिनं निम्म्यावर येतात. त्याची जाहिरात किंवा लेबल कुठेच नसतं.

कपाची चर्चा आणि ताटातलं अंडं

नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ताज्या दोन्ही फेऱ्यांत पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आढळलं. कारणं अनेक आहेत, केवळ प्रथिनं नव्हेत. पण आहारात अंडं असावं याची गरज सरकारलाही पटलेली होती. आदिवासी भागातल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण आणि अंगणवाडीच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं अशी तरतूद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारातही आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून अंडी द्यावीत असं सांगितलं. नवापूरच्या पोल्ट्रीतून ट्रक भरून अंडी बाहेर जात असताना तालुक्यातल्या शाळेत आठवड्याचं एक अंडं लोकवर्गणीवर सोपवणं, हा निर्णय समर्थन करता येण्यासारखा नाही. शहरी ग्राहकासाठी कपात प्रोटीन वाढवायला कंपन्या धडपडतात, कारण तिथे पैसा आहे. अंगणवाडी आणि शाळेतल्या ताटासाठी धडपड सरकारनेच करायला हवी, तिथे दुसरं कुणी येणार नाही.

तरीही घ्यायचाच असेल तर

पाकिटाची मागची बाजू आधी वाचावी. १०० ग्रॅममागे प्रथिनं, संपृक्त फॅट आणि वेगळी घातलेली साखर, हे तीन आकडे पुरेसे आहेत. प्रथिनांपेक्षा साखर जास्त असेल तर तो गोड पदार्थ आहे, मग त्याला श्रीखंडाच्या रांगेत बसवावं.

जिवंत जिवाणू असलेला कप सतत फ्रिजच्या थंडीत राहावा लागतो. गोदामापासून दुकानापर्यंत आणि दुकानातून घरापर्यंत. मे महिन्यात नवापुरात दुपारी वीज गेली आणि दुकानाचा फ्रिज तासन्‌तास बंद राहिला, तर पाकिटावरची तारीख शाबूत असते, आतला माल असेलच असं नाही. झाकण फुगलेलं किंवा पाणी सुटून वर आलेलं दिसलं तर कप परत करावा.

आणि दूध नको पण दही हवं, असं असेल तर शेंगदाण्याचं दही घरी लागतं. शेंगदाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, पाण्यासोबत बारीक वाटायचे, गाळून उकळायचं, कोमट झालं की विरजण घालायचं. दुधाचं विरजण चालत नसेल तर हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांना अर्धा लिटर पाणी घेतलं तर प्रथिनं साध्या दह्याच्या आसपास येतात. वास शेंगदाण्याचा राहतोच. कढी केली तर तो फारसा जाणवत नाही.